‘आम्ही लॉगिन केले की चालते’: अडवलेल्या रिमोट जोडणीचे एक प्रकरण

एका संस्थेच्या वेगवेगळ्या शाखांमध्ये काउंटरवर ठेवलेल्या ६४ संगणकांवर दूरस्थ मदतीचे एक सॉफ्टवेअर बसवण्यात आले. काउंटरवर कोणी बसलेले असो वा नसो, मदत कक्षातल्या माणसाला जागेवरून न उठता त्या संगणकाचा रिमोट घेता यावा, एवढाच हेतू होता. तिसऱ्याच दिवशी पहिली तक्रार आली की एक संगणक यादीत ‘ऑफलाईन’ दिसतो. मदत कक्षातला एक जण शाखेत गेला, स्वतःच्या नावाने लॉगिन केले, संगणक तत्काळ ‘ऑनलाईन’ झाला, आणि तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीवर, ‘काम करत आहे’ असा शेरा मारून तो परतला. दुसऱ्या दिवशी तीच तक्रार, तीच फेरी आणि तोच शेरा. आठवडाभरात असे २२ संगणक झाले तेव्हा प्रकरण माझ्याकडे आले. तिकिटातल्या कारणाच्या रकान्यात तोपर्यंत एकच शब्द लिहिलेला होता: फायरवॉल.

तो शब्द सर्वस्वी चुकीचा असता तर काम सोपे झाले असते. फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या सीमेवर वाहतूक नियमांनुसार सोडणारा किंवा रोखणारा पहारेकरी, अडवत होताच, पण त्याच्यामागे आणखी चार अडथळे एकामागे एक उभे होते आणि पहिला दूर केल्याशिवाय दुसरा दिसत नव्हता. शिवाय तपासायला जाणाऱ्या माणसाच्या लॉगिनला यांपैकी एकही अडथळा आडवा येत नव्हता, त्यामुळे तो जागेवर पोहोचला की बिघाड नाहीसा होई. या प्रकरणात गेलेल्या वेळेपैकी निम्म्याहून अधिक वेळ केवळ या एका गोष्टीमुळे गेला, असे माझे मत आहे.

रस्ता कसा होता

काउंटरच्या संगणकांनी थेट इंटरनेटवर जाऊ नये, प्रॉक्सी या मधल्या सर्व्हरमधूनच जावे, असा संस्थेचा नियम होता. संगणकांच्या पुढे सर्व्हरांमध्ये काम वाटून देणारा एक लोड बॅलन्सर, त्यामागे स्क्विड या सॉफ्टवेअरवर चालणारे दोन प्रॉक्सी सर्व्हर आणि सर्वांत शेवटी फायरवॉल, अशी मांडणी होती. ब्राउझरला प्रॉक्सीचा पत्ता ‘पॅक’ नावाच्या सेटिंगच्या फाईलमधून मिळत असे, प्रॉक्सी वापरणाऱ्याची ओळख केर्बेरॉस या पासवर्ड न पाठवता ओळख देण्याच्या पद्धतीने पटवून घेत असे, आणि बहुतेक एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध वेब वाहतूक उलगडून तपासून पुन्हा बंद करून पुढे पाठवत असे.

सॉफ्टवेअरची बाहेर पडण्याची रीत या जातीच्या इतर सॉफ्टवेअरांसारखीच होती. आधी स्वतःच्या ठरलेल्या पोर्टवरून, म्हणजे जोडणीच्या क्रमांकित दारावरून, थेट, ते न जमल्यास ४४३ वरून थेट, आणि तेही न जमल्यास प्रॉक्सीतून. टीमव्ह्यूअर आधी ५९३८ पाहतो, मग ४४३ आणि शेवटी ८०. एनीडेस्कला ८०, ४४३ किंवा ६५६८ यांपैकी एक पुरतो. यात लक्षात ठेवण्याची बाब अशी की ही जोडणी आतल्या संगणकाकडून बाहेरच्या मध्यस्थ सर्व्हरकडे जाते, आणि मदत करणाराही त्याच मध्यस्थाकडे येतो. बाहेरून आत येणारे कोणतेही पोर्ट उघडण्याची गरज नसते.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण म्हणजे पहिल्याच बैठकीत एकाने सुचवलेला उपाय. एवढी कटकट कशाला, विंडोजचेच रिमोट डेस्कटॉप वापरू आणि त्याचे ३३८९ हे पोर्ट बाहेरून उघडू, असे त्यांचे म्हणणे होते. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाने ओळखली गेलेली रिमोट डेस्कटॉपची त्रुटी इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीसारख्या, आधार कधीच संपलेल्या प्रणालींसाठीही दुरुस्ती काढली. लॉगिनच्या आधीच आत शिरता येत असल्यामुळे पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी उपयोग नव्हता. सूचना बाजूला ठेवली गेली आणि मला फार बोलावे लागले नाही.

पोर्ट उघडे, तरी दार बंद

मी येण्याआधी फायरवॉल सांभाळणाऱ्यांनी सहकार्याच्या भावनेने एक तात्पुरता रूल टाकलेला होता: काउंटरच्या संगणकांपासून बाहेर, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या पोर्टला परवानगी. काउंटरच्या संगणकावर पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा चालवली की उत्तर ‘ट्रू’ येत होते. फायरवॉलवाले म्हणत, आमच्याकडून खुले आहे. मदत कक्ष म्हणे, मग जोडणी का लागत नाही? दोघेही खरेच बोलत होते.

ती आज्ञा फक्त टीसीपीची, म्हणजे जोडणी जुळवण्याच्या पद्धतीची, पहिली तीन पॅकेटे तपासते. आपण हाक मारली, समोरून ओ आली, आपण ती पोहोचल्याचे कळवले, एवढे झाले की तिच्या दृष्टीने काम संपते. आजचे फायरवॉल मात्र केवळ पोर्ट पाहून थांबत नाहीत. वाहतूक कोणत्या ॲप्लिकेशनची आहे हे ते आतल्या मजकुरावरून ओळखतात, आणि मजकूर पाहायचा तर ही तीन पॅकेटे आणि त्यापुढची एकदोन आधी जाऊ द्यावीच लागतात. ॲप्लिकेशन ओळखले गेले की रूल पुन्हा वरून तपासले जातात. इथे वरच्या बाजूला ‘रिमोट ॲक्सेस’ या संपूर्ण वर्गाला मनाई करणारा जुना रूल होता आणि तो काउंटरच्या संगणकांना लागू होता.

वायरशार्क या पॅकेटे टिपून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये हे डोळ्यांसमोर घडताना दिसले. पहिली तीन पॅकेटे काही मिलिसेकंदांत आली-गेली. मग सॉफ्टवेअरने आपले पहिले बोलणे पाठवले, आणि त्यानंतर तेच पॅकेट पुन्हा, दुप्पट अंतराने पुन्हा, त्याच्याही दुप्पट अंतराने पुन्हा. समोरून ना नकार, ना पोच. फायरवॉलने नकार कळवला असता तर ‘रीसेट’ आला असता आणि सॉफ्टवेअर लगेच पुढच्या मार्गाकडे वळले असते. इथे पॅकेट निमूट गिळले जात होते, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाला बराच वेळ वाया जात होता. फायरवॉलच्या लॉगमध्ये ही नोंद होतीच, पण ती नव्या रूलच्या नावाखाली नसून मनाईच्या जुन्या रूलखाली होती, आणि शोधणारे नव्या रूलच्याच नावाने गाळणी लावून पाहत होते.

इथे एक निर्णय घ्यावा लागला. जुना रूल शिथिल करून थेट मार्ग मोकळा करणे शक्य होते. मी तसे न करण्याचा आग्रह धरला, कारण तो रूल कोणी खोडसाळपणे टाकलेला नव्हता. अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये इतर संस्थांसह एक सूचनापत्र काढून नेमका हाच धोका सांगितला होता: फसवे ईमेल पाठवून लोकांकडून एनीडेस्क, स्क्रीनकनेक्ट यांसारखी अस्सल सॉफ्टवेअरे उतरवून घ्यायची आणि मग त्यांच्यातूनच चोरी करायची. सॉफ्टवेअर अस्सल असल्यामुळे व्हायरसविरोधी प्रोग्राम गप्प बसतो. अशा वेळी संपूर्ण वर्गाला मनाई आणि गरजेपुरता लेखी अपवाद हीच रीत मला योग्य वाटते. तेव्हा आपण प्रॉक्सीच्या ठरलेल्या मार्गानेच जायचे, सुरक्षा विभागाकडून या एका सॉफ्टवेअरच्या सर्व्हरांच्या नावांपुरती लेखी परवानगी घ्यायची, आणि तात्पुरता रूल त्याच दिवशी काढून टाकायचा असे ठरले. तो खरोखर काढला गेल्याचे मी स्वतः पाहून घेतले. तात्पुरते रूल वर्षानुवर्षे तसेच राहिलेले अनेक ठिकाणी पाहिले आहेत.

सर्व्हिस म्हणजे कोण?

थेट मार्ग बंद, म्हणजे आता सॉफ्टवेअरने प्रॉक्सीकडे जायला हवे. पण प्रॉक्सीच्या लॉगमध्ये काउंटरच्या संगणकांकडून या सॉफ्टवेअरची एकही ओळ दिसेना. नकाराचीही नाही. लॉगमध्ये नकार असणे आणि काहीच नसणे या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत. काहीच नसेल तर विनंती तिथवर पोहोचलेलीच नाही, मग प्रॉक्सीचे रूल कितीही उलथेपालथे केले तरी फरक पडत नाही.

कारण विंडोजच्या रचनेत होते. आपण सेटिंगमध्ये प्रॉक्सी किंवा पॅक फाईल देतो ती एका वापरणाऱ्याच्या खात्यापुरती असते. सॉफ्टवेअरचा मुख्य भाग मात्र सर्व्हिस म्हणून, म्हणजे कोणी लॉगिन केलेले नसतानाही पडद्याआड, ‘लोकल सिस्टम’ या खात्याखाली चालतो, आणि त्या खात्याने कधी लॉगिन केलेले नसते, ब्राउझर उघडलेला नसतो, की पॅक फाईल पाहिलेली नसते. सर्व्हिससाठी विंडोजची वेगळी, संपूर्ण संगणकापुरती नोंद असते. ‘नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी’ ही आज्ञा दिल्यावर ती नोंद पडद्यावर आली: ‘डायरेक्ट ॲक्सेस’, म्हणजे प्रॉक्सी नाही.

मग मदत कक्षातला माणूस लॉगिन करताच काय बदलत होते? सॉफ्टवेअरचा दुसरा, खिडकीवाला भाग लॉगिन करणाऱ्याच्या नावाने सुरू होतो, आणि सर्व्हिसला बाहेर पडता आले नसेल तर तो आपल्या मार्गाने जोडणी करून देतो. त्या भागाला पॅक फाईल मिळते, केर्बेरॉसची ओळख मिळते, सर्व काही मिळते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने लॉगिन केले तरी हे सारे मिळायला हवे होते, आणि तरीही त्याच्या लॉगिनमध्ये संगणक ‘ऑफलाईन’च राही. हा दुवा मला तेव्हा जुळवता आला नाही. मी तो कागदावर लिहून बाजूला ठेवला.

यापुढची प्रत्येक तपासणी सर्व्हिसच्याच नावाने करायची असे मी ठरवले. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातला पीएसएक्झेक ‘-एस’ या पर्यायासह चालवला की लोकल सिस्टमच्या खात्याखाली आज्ञांची खिडकी उघडते. तिथे ‘हूॲमआय’ विचारून उत्तर ‘एनटी अथॉरिटी\सिस्टम’ आल्याची खात्री केल्याशिवाय पुढची आज्ञा द्यायची नाही. कंटाळवाणे वाटते, पण एकदा चुकून दुसऱ्याच खिडकीत टंकून मी अर्धा तास खोट्या आनंदात घालवला आहे.

विनएचटीटीपीची नोंद बदलून सर्व संगणकाला प्रॉक्सी देता आला असता. तो मोह टाळला, कारण विंडोज अपडेटसह इतर सर्व्हिसही तीच नोंद वाचतात आणि त्यांचा चालू असलेला मार्ग विनाकारण बदलला असता. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता आणि ३१२८ हे पोर्ट लिहिले, सर्व्हिस पुन्हा सुरू केली, आणि प्रॉक्सीच्या लॉगमध्ये पहिली ओळ उमटली.

४०७

ती ओळ ‘टीसीपी_डिनाइड/४०७’ अशी होती आणि वापरणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसती आडवी रेघ होती.

प्रॉक्सीतून सुरक्षित जोडणी करायची तर प्रोग्राम त्याला ‘कनेक्ट’ ही विनंती पाठवतो. एचटीटीपीचे सध्याचे मानक, २०२२ सालचे आरएफसी ९११०, या विनंतीचा अर्थ असा सांगते की मला अमुक सर्व्हरच्या अमुक पोर्टपर्यंत एक बोगदा करून दे आणि मग दोन्हीकडचे बाइट जसेच्या तसे पलीकडे ढकल. ४०७ चा अर्थ, बोगदा हवा असेल तर आधी स्वतःची ओळख दे. यातही एक चकवा आहे. केर्बेरॉस असलेल्या प्रॉक्सीच्या लॉगमध्ये निरोगी ब्राउझरच्या नावापुढेही ४०७ दिसतो, कारण ब्राउझर पहिल्यांदा ओळखीशिवायच विचारतो, नकार मिळाला की ओळखीसह पुन्हा विचारतो आणि मग २००, म्हणजे होकार, मिळतो. तेव्हा ४०७ दिसला एवढ्यावर निदान करू नये. त्याच्या पाठोपाठ २०० ची ओळ येते का ते पाहावे. आमच्याकडे ४०७ नंतर ४०७ आणि पुन्हा ४०७ अशी रांग होती.

सर्व्हिसला केर्बेरॉस येतच नव्हते. तिचा नेटवर्कचा भाग निर्मात्यांनी स्वतः लिहिलेला होता आणि त्याला फक्त नाव-पासवर्ड देण्याची जुनी ‘बेसिक’ पद्धत ठाऊक होती. एक खास खाते काढून त्याचा पासवर्ड ६४ संगणकांच्या सेटिंगमध्ये लिहावा, अशी सूचना आली. बेसिक पद्धतीत पासवर्ड बेस६४ मध्ये जातो, आणि बेस६४ हे कुलूप नव्हे, केवळ वेगळी लिपी आहे. प्रॉक्सीपर्यंतची वाट उघडी असल्याने वाटेत ऐकणारा कोणीही तो वाचू शकला असता. त्याऐवजी प्रॉक्सीवर एक अपवाद केला: विनंती या ६४ पत्त्यांपैकी एकाकडून आली असेल, या ठरावीक सर्व्हरांच्या नावांसाठी असेल आणि पोर्ट ४४३ असेल, तर ओळख विचारू नये. तिन्ही अटी एकत्र हव्यात, एक जरी गाळली तरी भोक मोठे होते.

अपवाद लिहिला तरी ४०७ थांबेना. स्क्विड रूल वरून खाली वाचतो आणि पहिला लागू पडणारा रूल अंतिम मानतो. नवा रूल शेवटी चिकटवलेला होता, आणि ओळख मागणारा रूल त्याच्या वर असल्यामुळे खालपर्यंत कोणी पोहोचतच नव्हते. दोन ओळींची अदलाबदल केली आणि २०० आला.

सात बाइट

२०० आला, बोगदा झाला, आणि तरीही संगणक ‘ऑफलाईन’. या टप्प्यावर मदत कक्षातल्या मंडळींचा धीर सुटला होता आणि त्यांना दोष देता येत नाही.

सिस्टमच्या खिडकीतून कर्ल हा आज्ञेवरून वेब पत्ता उघडणारा प्रोग्राम चालवून प्रॉक्सीमार्गे त्याच सर्व्हरला विचारले. विंडोज १० पासून कर्ल विंडोजबरोबरच येतो. सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र रद्द झालेले तर नाही ना, ही पडताळणी वगळण्याचा पर्याय द्यावा लागला, तो दिल्यावर उत्तर नीट आले. म्हणजे त्याच खात्यातून, त्याच प्रॉक्सीतून, त्याच सर्व्हरपर्यंत कर्ल पोहोचतो आणि सॉफ्टवेअर पोहोचत नाही. रद्द प्रमाणपत्रांची पडताळणी आडवी यावी ही खरे तर पहिली खूण होती, ती मी त्या क्षणी ओळखली नाही.

पुन्हा वायरशार्क. कनेक्ट, त्यावर २००, मग टीएलएस या जोडणी कूटबद्ध करण्याच्या पद्धतीतला सॉफ्टवेअरचा पहिला निरोप, त्यात सर्व्हरचे अपेक्षित नाव. त्यावर आलेल्या प्रमाणपत्राच्या ‘देणारा कोण’ या रकान्यात सॉफ्टवेअरच्या निर्मात्याशी संबंधित कोणाचे नाव असायला हवे होते; तिथे संस्थेच्याच अंतर्गत प्रमाणपत्र-प्राधिकरणाचे नाव होते. त्यानंतर सॉफ्टवेअरकडून सात बाइटांचा एक निरोप आणि जोडणी समाप्त. ते सात बाइट असे होते:

१५ ०३ ०३ ०० ०२ ०२ ३०

पहिला आकडा सांगतो की हा इशारा आहे. पुढचे दोन टीएलएस १.२ ची खूण, त्यापुढचे दोन म्हणजे मजकुराची लांबी दोन बाइट. मग ०२, म्हणजे इशारा प्राणघातक, इथेच थांबायचे. आणि शेवटचा ३० हा सोळाच्या पायातला आकडा, आपल्या मोजणीत ४८: प्रमाणपत्र देणारा अनोळखी. सत्र टीएलएस १.२ चे होते हे आमचे नशीब, कारण १.३ मध्ये प्रमाणपत्र आणि हा इशारा दोन्ही झाकलेले असतात आणि बाहेरून फक्त जोडणी तुटल्याचे दिसले असते.

प्रॉक्सी वाहतूक उलगडतो म्हणजे मधे बसून, मूळ सर्व्हरच्या प्रमाणपत्राच्या जागी स्वतः बनवलेले प्रमाणपत्र पुढे करतो. संस्थेच्या सर्व संगणकांच्या विंडोजमध्ये त्या अंतर्गत प्राधिकरणाला विश्वासू म्हणून नोंदवलेले होते, म्हणून ब्राउझर तक्रार करत नव्हते. बनवलेल्या प्रमाणपत्राची ती रद्दची पडताळणी होत नव्हती, पण ती वगळल्यावर कर्लही नाही, कारण विंडोजबरोबर येणारा कर्ल विंडोजच्याच विश्वासू यादीवर विसंबतो. सॉफ्टवेअर मात्र स्वतःच्या आत ठेवलेल्या यादीशी प्रमाणपत्र ताडून पाहत होते. हा त्याचा दोष नव्हे. ज्या प्रोग्रामच्या हाती संगणकाचा पडदा आणि कळफलक द्यायचा, त्याने मधल्या माणसावर विश्वास न ठेवणे हेच मला बरोबर वाटते.

आणि इथे बाजूला ठेवलेला कागद आठवला. मदत कक्षाचे लोक जोडण्यांचे बिघाड शोधताना अडू नयेत म्हणून प्रॉक्सीवर त्यांच्या गटाची वाहतूक न उलगडण्याची सवलत कधीतरी दिलेली होती. त्यांच्या लॉगिनमध्ये खिडकीवाल्या भागाला मूळ प्रमाणपत्र मिळे आणि जोडणी लागे; काउंटरच्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनमध्ये बनवलेले प्रमाणपत्र मिळे आणि तो भाग माघार घेई. बिघाड शोधायला सोयीची म्हणून दिलेली सवलतच बिघाड लपवत होती.

सॉफ्टवेअरच्या सर्व्हरांची नावे न उलगडायच्या यादीत घालण्याला सुरक्षा विभागाने अपेक्षेप्रमाणे आक्षेप घेतला, कारण त्या बोगद्यात काय चालते ते त्यांना दिसणार नव्हते. तडजोड अशी ठरली की सवलत फक्त त्या ६४ पत्त्यांपुरती राहील आणि कोणी, केव्हा, कोणत्या संगणकाचा रिमोट घेतला याची सॉफ्टवेअरमधली नोंद त्यांना नियमित दिली जाईल. मदत कक्षाच्या गटाची जुनी सवलत त्याच बदलात काढून घेतली.

ऑनलाईन दिसतो, पण लागत नाही

त्या संध्याकाळी ६४ पैकी ६२ संगणक यादीत हिरवे झाले. दुसऱ्या दिवशी नवीच तक्रार: संगणक ‘ऑनलाईन’ दिसतो, रिमोट घ्यायला जावे तर जोडणी लागत नाही, थोड्या वेळाने तोच संगणक विनातक्रार लागतो.

एक संगणक निवडून अर्धा तास दर मिनिटाला जोडून पाहिले. तीसही वेळा जोडणी लागली. ही तपासणीच चुकीची होती, कारण आमचा प्रत्येक प्रयत्न ती जोडणी जागी ठेवत होता. मग चार संगणकांच्या सर्व्हिस एकाच वेळी पुन्हा सुरू केल्या आणि त्यांना वेगवेगळ्या अंतराने हाक मारली: पहिल्याला दोन मिनिटांनी, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला सहा, चौथ्याला आठ. पहिले दोन लागले, पुढचे दोन लागले नाहीत. यादीत चारही हिरवेच होते.

चार आणि सहाच्या मधे काय असते? लोड बॅलन्सरवर निष्क्रिय जोडणीची मुदत ३०० सेकंद होती. सर्व्हिस आपण जिवंत असल्याचा निरोप दर दहा मिनिटांनी पाठवत होती. पाच मिनिटे शांतता राहिली की लोड बॅलन्सर त्या जोडणीची नोंद पुसून टाकी, पण कोणत्याही बाजूला तसे कळवत नसे. पुढची पाच मिनिटे संगणकाला वाटे जोडणी आहे, मध्यस्थ सर्व्हरलाही वाटे जोडणी आहे, आणि मधला दुवा नाहीसा झालेला. दहाव्या मिनिटाला निरोप पाठवताना सर्व्हिसला जोडणी मेल्याचे समजे, ती नवी जोडणी करी, आणि पुन्हा पाच मिनिटे सर्व सुरळीत चाले. थोडक्यात, रिमोट लागण्याची शक्यता नाणेफेकीइतकी होती.

लोड बॅलन्सरची मुदत वाढवता आली असती, पण त्यावरून संस्थेची सारीच वेब वाहतूक जात होती. सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये निरोपाचे अंतर १२० सेकंद केले. मोजून मारलेल्या २९० सेकंदांपेक्षा मला हे बरे वाटले. एखादा निरोप वाटेत हरवला तरी दुसरा मुदतीच्या आत पोहोचतो, आणि ६४ संगणकांचे काही बाइट दर दोन मिनिटांनी जाण्याने कोणत्याही दुव्यावर भार पडत नाही.

उरलेले दोन

६२ संगणक मार्गी लागले तरी दोन जुने संगणक ‘ऑफलाईन’च राहिले. प्रॉक्सीच्या लॉगमध्ये त्यांच्या नावापुढे २०० होता, प्रमाणपत्रही आता मूळ सर्व्हरचेच येत होते, आणि तरी सॉफ्टवेअर जोडणी तोडत होते. यावेळी सात बाइटांतला शेवटचा आकडा ३० नसून २डी होता, म्हणजे ४५: प्रमाणपत्राची मुदत चालू नाही. प्रमाणपत्र तर नुकतेच काढलेले होते.

मी फोनवर काउंटरच्या कर्मचाऱ्यांना पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातली तारीख वाचायला सांगितली. ती कित्येक वर्षे मागची होती. हे दोन संगणक डोमेनमध्ये, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती नियंत्रणाखाली, नसल्यामुळे त्यांना वेळ देणारा आत कोणी नव्हता, बाहेरच्या वेळ-सर्व्हरकडे जाण्याची वाट फायरवॉलने बंद ठेवलेली होती, आणि मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपल्यामुळे रात्री वीज बंद केली की घड्याळ सकाळी पुन्हा मागे जाऊन बसत होते. त्या घड्याळाप्रमाणे ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचे होते. दोन्ही बॅटऱ्या बदलल्या, वेळेसाठी आतल्या सर्व्हरचा पत्ता दिला, आणि तिकिटावरचा ‘फायरवॉल’ हा शब्द खोडून त्या जागी कारणांची यादी लिहायला घेतली तेव्हा रकाना पुरला नाही.